मधल्या खोलीला दार

भरे गावात कुणी भाड्याची खोली विचारली की लोक चांगुणाबाईंच्या घराकडं बोट दाखवतात, आणि वर एक सूचनाही देतात: "बाई फटकळ हाय, पण मनानं लई चांगली." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पिरंगुटच्या कारखान्यातले फिटर, लवळ्याच्या कॉलेजातली पोरंपोरी, असे वीस वर्षांत किती खोलीवाले आले नि गेले. खोली सोडून जाताना प्रत्येकानं आपल्या दारात, हातात किल्ली धरून उभं राहायचं आणि चांगुणाबाईंनी त्याचा फोटो काढायचा, हा या घराचा रिवाज. नरहरी फिटरनं तर या फोटोसाठी सामानाचा भरलेला टेंपो थांबवून दाढी केली होती.

तेवढा आशालता वाघमारेचा फोटो राहिला.

त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा खोल्या अशा एका ओळीत नव्हत्या. घरातलीच मधली खोली भाड्यानं दिलेली होती, आणि तिथं जायचं तर चांगुणाबाईंच्या ओसरीवरूनच जावं लागे. आशालता पौडच्या एका दवाखान्यात नर्स होती. सगळं घर तिला 'सिस्टर' म्हणायचं. एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "आशालता वाघमारे?" ओसरीवर चांगुणाबाईंचे यजमान गेणबा बसले होते. त्यांनी बिनदिक्कत सांगून टाकलं, "हितं असं कुनी ऱ्हात न्हाई."

सरकारी दवाखान्याच्या मुलाखतीचं पत्र होतं ते. आल्या पावली परत गेलं. आशालताला कळलं तेव्हा तारीख उलटून आठ दिवस झाले होते. पोरगी भांडली असती तरी परवडलं असतं. तिनं मुकाट्यानं ट्रंक भरली आणि चांगुणाबाई बाजाराला गेलेल्या असताना निघून गेली.

त्या संध्याकाळी चांगुणाबाईंनी नवऱ्याचा जो उद्धार केला तो अख्ख्या आळीनं ऐकला. "दोन वर्सं तिच्या हातनं पायाला पट्टी बांदून घेतली, आन् तिचं नाव ठावं न्हाई? शरम न्हाई वाटत?" मग त्याच महिन्यात गवंडी बोलावून मधल्या खोलीची बाहेरची भिंत फोडली, गल्लीकडं दार काढलं, दारावर नंबर घातला. पुढं जेवढ्या खोल्या बांधल्या त्या सगळ्यांना ज्याचं त्याचं दार आणि दारावर भाडेकरूच्या नावाची पाटी. मधली खोली मात्र त्यांनी परत कुणाला दिली नाही. तिथं तांदळाची पिंपं ठेवली.

यंदा चांगुणाबाईंनी ठरवलं, सगळ्या जुन्या खोलीवाल्यांना एका रविवारी जेवायला बोलवायचं. एकतीस जणांनी येतो म्हणून कळवलं. प्रत्येकाला फोनवर सांगून झालं, "टीव्हीवर तुमचा फोटो बगायला मिळंल." आशालताचा नंबरही कुठून कुठून मिळवला. पुढच्याच वर्षी तिला सरकारी नोकरी लागली होती म्हणे, आता ती मेट्रन झाली होती. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बघते, जमलं तर."

एवढ्यावर चांगुणाबाई चार दिवस हवेत होत्या! कारण त्यांच्याकडं एक गुपित होतं. जुन्या अल्बमना वाळवी लागली म्हणून त्यांच्या मुलीनं, प्रियदर्शिनीनं, सगळे फोटो स्कॅन करून ठेवले होते. ते करताना एका फोटोच्या कोपऱ्यात आशालता सापडली. ओसरीवर खाली बसून गेणबांच्या पायाला पट्टी बांधतेय आणि खळखळून हसतेय. चांगुणाबाईंना तो फोटो सगळ्यांच्या देखत तिला दाखवायचा होता. 'तू हितं ऱ्हात हुतीस' हे त्यांना चौदा वर्षांपासून तिला सांगायचं होतं.

प्रियदर्शिनी लवळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचं काम बघते. कॉलेजानं मोडीत काढलेला एक दांडगा कॉम्प्युटर तिनं घरी आणून मधल्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी बसवला होता. "आई, डबा एकच, पण आत दोन कॉम्प्युटर आहेत," तिनं समजावलं होतं. "एक खरा, दारावरचे कॅमेरे सांभाळणारा. आणि त्याच्या पोटात दुसरा, नुसता प्रोग्रामनं केलेला. फोटो त्या आतल्यात. घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर बघता येतील, नवीन टाकताही येतील."

"एकाच्या पोटात दुसरा. म्हंजे गरवार हाय म्हन की," चांगुणाबाई म्हणाल्या होत्या.

रविवार उजाडला. अंगणात मांडव, मांडवात टीव्ही, चुलीवर मटणाचं पातेलं. अकरा वाजता प्रियदर्शिनीनं टीव्ही लावला, आणि पडद्यावर अक्षरं आली. चांगुणाबाईंनी ती मोठ्यानं वाचली: "सर्व्हर सापडला नाही."

"सापडला न्हाई म्हंजे? खोलीत तर घूं घूं करतुया."

"थांब गं आई." प्रियदर्शिनीनं पासवर्ड बदलला, वायर बदलली, वायफाय बंद करून चालू केलं. टीव्ही आपला एकच धोशा लावून बसला होता. लवकर आलेला नरहरी फिटर म्हणाला, "अगं पेनड्राइव्ह लाव आणि मोकळी हो."

"पेनड्राइव्ह म्हंजे पावण्याला खिडकीतनं ताट दिल्यावानी झालं," चांगुणाबाई कडाडल्या. "सगळ्यांना सांगितलंय, आपापल्या फोनवर बगा, आपले फोटो टाका. माजा सबूद हाय त्यो." बोलल्या खऱ्या, पण नजर फाटकाकडं गेली. आशालता आली आणि या घरानं तिला परत एकदा 'सापडली नाही' असं दाखवलं तर? त्या लेकीजवळ खाटेवर बसल्या. "मला नीट सांग. कोन कुनाला सापडत न्हाई?"

"टीव्हीला वरचा, खरा कॉम्प्युटर सापडतोय. आतला सापडत नाही."

"आतला मेलाय का?"

"नाही गं, मजेत आहे. त्याचं इंटरनेटसुद्धा चालतंय."

"मंग त्यो भाईर जातुया कुटनं?"

"वरच्यातूनच. वरच्याच नंबरावर."

"आन् भाईरनं कुनी त्याला हुडकत आलं, तर?"

"तर वरच्याच्या दाराशी येणार, आणि तो..." प्रियदर्शिनी थबकली.

"आन् त्यो सांगनार, हितं असं कुनी ऱ्हात न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या.

बाजूला लसूण सोलणाऱ्या गेणबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं बाई, त्याला गल्लीकडनं दार काड!" चांगुणाबाई उठून उभ्याच राहिल्या. "सवताचा नंबर दे, पाटी लाव. ह्या घरात जलमलीस आन् एवडं कळंना व्हय?"

प्रियदर्शिनीनं कपाळावर हात मारला. "आई! कॉलेजात हे पन्नास वेळा केलंय मी! घरी प्रोग्रामनं जे आपोआप केलं तेच राहू दिलं, आणि बसले पासवर्ड बदलत." ती मधल्या खोलीकडं पळाली, मागून चांगुणाबाईही पळाल्या. पडद्यावर एका ठिकाणचं सेटिंग बदलायचं होतं, बस्स. आतला कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि घरच्या राउटरनं त्याला त्याचा स्वतःचा नंबर दिला, घरातल्या फोनला आणि टीव्हीला देतो तसाच.

"आता पाटी," प्रियदर्शिनी हसत म्हणाली. "टीव्हीच्या यादीत नाव दिसेल. काय लिहू?"

चांगुणाबाईंनी नाव सांगितलं. लेकीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि ते लिहिलं.

साडेबारापर्यंत अंगण भरलं. कोण कुणाच्या गळ्यात पडतंय, कोण 'जय भीम' म्हणत चांगुणाबाईंच्या पाया पडतंय आणि शिव्या खातंय, नुसता कल्ला! पण चांगुणाबाईंचं लक्ष गल्लीकडं. फाटकाशी गेणबा उभे होते. लसूण टाकून जे उठले ते तिथंच. टोपी नीट केलेली, सदरा इस्त्रीचा. ऊन डोक्यावर आलं तरी हलायला तयार नाहीत.

एक वाजता रिक्षा थांबली. चष्मा लावलेली, केसांत थोडी चांदी आलेली बाई उतरली आणि नव्या दारांची ती ओळ बघून गोंधळून उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आत गेणबा पुढं झाले.

"आशालता वाघमारे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "हायेत. हितंच ऱ्हात्यात."

ती बघतच राहिली. मग तिथंच, रस्त्यात, तोंडावर पदर धरून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "बाबा, पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

"तू बांदलेला पाय, त्याला काय हुतंय!"

"चौदा वर्सं लागली व्हय गं यायला?" चांगुणाबाई पातेल्यापासूनच ओरडल्या, आणि हातातला डाव तसाच घेऊन धावत आल्या. त्यांनी तिला मांडवात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात रिमोट दिला. "बग, कोन कोन ऱ्हातंय हितं."

पडद्यावर यादी आली. सगळ्यात वर नाव होतं: आशालता. तिनं बटण दाबलं. एकामागून एक फोटो येऊ लागले, दाढी केलेला नरहरी आला तशा शिट्ट्या वाजल्या, आणि मग ती ओसरी आली. पाय, पट्टी आणि खळखळून हसणारी सिस्टर. अख्खा मांडव टाळ्या वाजवत उठला. चांगुणाबाईंनी डोळे पुसले, त्यांना धुराचं निमित्त बरं होतं.

"मावशी," आशालता म्हणाली, "माझा किल्लीचा फोटो राहिलाय."

वाटच बघत होत्या जणू! चांगुणाबाईंनी कनवटीची किल्ली काढून तिला दिली आणि मधल्या खोलीच्या दारात उभं केलं. फोटो निघाला. प्रियदर्शिनीनं फोनवरून तिथल्या तिथं पाठवला, आणि मांडवातून ओरडा उठला, "आली! आली!" तिकडं टीव्हीवर आशालता आपल्या दारात उभी होती.

रिवाजाप्रमाणं तिनं किल्ली परत करायला हात पुढं केला. चांगुणाबाईंनी तिची मूठ मिटवून टाकली.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडंच. फोटो काडला म्हनून खोली सुटली आसं कोन म्हनलं? चल, रस्सा गार व्हतोय."