लिंबाखालचं सूप

फ्लास्कमध्ये डाव घातला आणि डावात कोंबडीचा पाय आला. नखांसकट.

"अगं आई गं!" मी डावासकट तो सिंकमध्ये टाकला आणि दोन पावलं मागे सरले. माझी चौदा वर्षांची लेक कौमुदी ऑनलाइन क्लास सोडून धावत आली आणि हसून हसून ओट्यालाच टेकली.

"आई, इट्स जस्ट चिकन सूप! तुझ्या कफसाठी दिलंय शेजारच्या आजींनी."

"तुला काय जातंय हसायला? अंड्याचं पातेलंसुद्धा वेगळं ठेवणारी बाई मी."

शेवटी माझ्या नवऱ्याने, सलिलने, तो पाय आणि सुपातली बाकीची हाडं कागदात गुंडाळून बाहेरच्या बिनमध्ये टाकला. उरलेलं सूप मी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली ओतलं. फ्लास्क कढत पाण्याने तीनदा धुतला. आणि मग त्यात चार रव्याचे लाडू भरले. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या आईने आम्हां बहिणींच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं, की हात आपोआप लाडवांच्या डब्याकडे गेला. पुढचं सगळं त्या चार लाडवांनी केलं.

ही दोन हजार वीस सालच्या जुलैमधली गोष्ट. मेलबर्नला दुसरा लॉकडाऊन लागला होता. मी कारपार्कमधल्या कोविड टेस्टिंगच्या तंबूत, गाड्यांच्या खिडकीशी वाकून लोकांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्यायचे. दिवसभर गार वाऱ्यात उभं राहून मला सर्दी झाली. टेस्ट निगेटिव्ह आली, पण खोकला काही हटेना. घरी सलिल मीटिंगमध्ये आणि कौमुदी क्लासमध्ये, म्हणून मी खोकायला अंगणात जायचे. तिथे तो मिसेस फुंगनी ऐकला.

मिसेस फुंग म्हणजे क्लेटन या मेलबर्नच्या उपनगरातल्या आमच्या चिनी शेजारीण. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि उंचीने आमच्या लाकडी कुंपणापेक्षा हातभर कमी. बोलायचं असलं की त्या बादली पालथी घालून तिच्यावर चढायच्या. आधी कुंपणावर टकटक, मग लोकरीची जांभळी टोपी, मग डोळे. इंग्रजी बेताचंच.

"यू कफ. नो गुड. सूप, हॉट हॉट, ड्रिंक," असं म्हणून तो फ्लास्क त्यांनी माझ्या हातात दिला होता.

लाडवांचा फ्लास्क परत घेताना त्यांनी झाकण उघडून पाहिलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे असे काही हसले की मी काय सांगू! "यू लाइक सूप?"

आता ‘नाही’ कसं म्हणायचं? म्हातारी बाई, बादलीवर चढून उभी. "येस, येस. व्हेरी नाइस," मी म्हणाले.

झालं. शुक्रवारी पुन्हा टकटक. मंगळवारी पुन्हा. मी तंबूतून परत येईपर्यंत अंधारून आलेलं असायचं. फ्लास्क घ्यायचा, गोड हसायचं, लिंबाखाली जायचं, नाक मुरडून तोंड फिरवायचं आणि सगळं ओतून टाकायचं. वरून पायानेच पालापाचोळा सारायचा. तो वास! काहीतरी उग्र, कुबट. मांसच असणार, दुसरं काय? आत डोकावून बघायची माझी हिंमत नव्हती. मग फ्लास्क धुवायचा आणि भरायचा. कधी शंकरपाळे, कधी तिखटमिठाच्या पुऱ्या, एकदा तर नारळाच्या वड्या.

"विनू, तुम्ही दोघी थांबणार कधी?" सलिल म्हणाला. "तू भरून देतेस म्हणून ती भरून देते."

"मग काय रिकामा देऊ?"

"सांगून टाक ना की आम्ही व्हेज आहोत म्हणून. पाच मिनिटांचं काम."

"आई, जस्ट टेल हर," कौमुदी म्हणाली. "दिस इज लाइक, लायिंग."

पोरीचं बरोबर होतं. दर वेळी मी ठरवायचे, आज सांगायचंच. मग ती टोपी वर यायची, दोन्ही हातांनी फ्लास्क पुढे व्हायचा, आणि मी मुकाट तो घ्यायचे. एवढ्या दिवसांनी सांगायचं म्हणजे आधीचं सगळं ओतलं हेही सांगणं आलं. खोकला कधीच गेला होता. "सी? सूप गुड!" त्या स्वतःच्या छातीवर थोपटत म्हणायच्या, आणि मी मान डोलवायचे.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कुंपणापलीकडून खोकला ऐकू आला. माझ्या तंबूत रोज शंभर माणसं तसं खोकायची. मी आलं, गवती चहा, मिरी घालून काढा केला आणि स्टुलावर चढून त्यांना दिला.

"टेस्ट करा," मी म्हणाले. "टुमॉरो, टेस्ट. प्लीज."

त्यांनी होकाराची मान हलवली. मास्क खाली केला, दोन पावलं मागे सरकल्या आणि काढा तोंडाला लावला. तिखट असा की घरात माझी माणसं नाक दाबून पितात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा वेडावाकडा झाला, पण माझ्याकडे बघत त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग रिकामा पेला उलटा करून दाखवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनाशी म्हटलं, ह्या बऱ्या झाल्या की पहिलं काम, सगळं खरं सांगायचं. रागावल्या तर रागावू देत.

रविवारी सकाळी अँब्युलन्स आली. नखशिखांत प्लॅस्टिकमधल्या दोघांनी त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. टोपी तेवढी दिसली. त्यांचा फ्लास्क माझ्या ओट्यावर होता, बेसनाचे लाडू भरून तयार.

अकराव्या दिवशी त्या गेल्या. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती.

सप्टेंबरमध्ये त्यांचा मुलगा रेमंड खास परवानगी काढून घर आवरायला आला. चाळिशीचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, त्यामुळे आईला शेवटचं भेटता आलं नव्हतं त्याला. मी ताजे लाडू करून फ्लास्कमध्ये भरले आणि दारापाशी नेऊन दिले.

"ओ, यू आर द सूप लेडी!" तो म्हणाला आणि एकदम रडायलाच लागला. मीही रडले. दोघांमध्ये दीड मीटर अंतर ठेवून आम्ही उभे होतो.

मग तो सांगत गेला. "ममने मला जुलैमध्ये फोन केला होता. म्हणाली, शेजारच्या इंडियन बाईला सूप देते. मी म्हटलं, मम, त्यांच्यात खूप जण मीट खात नाहीत. शी वॉज सो अपसेट! पहिल्या सुपात चिकन होतं ना? पण तुम्ही ते प्यायलात आणि वर स्वीट्स दिल्यात. ती म्हणाली, किती चांगली बाई, मला वाईट वाटू नये म्हणून प्यायली."

मी नकळत एक पाऊल मागे सरले.

"त्यानंतर एकदाही मीट नाही. वेगळं पातेलं आणलं तुमच्यासाठी. आयुष्यात कधी हाडांशिवाय सूप केलं नव्हतं तिने. तीन-तीनदा करून बघायची. वाळवलेले मशरूम, लोटस रूट. ऑनलाइन मागव म्हटलं तर ऐकायची नाही, जुनं पाठवतात म्हणायची. बसने जाऊन स्वतः निवडून आणायची." त्याने फ्लास्ककडे पाहिलं. "बाहेर तेवढीच जायची ती. तेवढ्याचसाठी."

त्याने ते सहज म्हटलं. माझ्याकडे बोट दाखवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

"एक विचारू?" त्याने डोळे पुसले. "आमच्यापैकी कुणीच ते प्यायलेलं नाही. तिने लिहून पण ठेवलं नाही. मला करून बघायचंय. कसं लागायचं ते?"

आता तरी सांग विनीता, आता तरी. तोंड उघडलं. समोर तो आईच्या दारात फ्लास्क छातीशी धरून उभा होता.

"छान," मी म्हणाले. "गरम. थोडंसं... गोडसर."

"रेड डेट्स," तो मान डोलवत, रडत हसला. "दॅट्स मम."

घरी आले ती थेट लिंबाकडे गेले. पालापाचोळा बाजूला केला आणि तिथेच मातीत बसले. भोकाभोकांच्या कमळकाकडीच्या चकत्या होत्या, काळ्या पडलेल्या. मशरूमचे चिवट तुकडे. चिनी लाल बोरांच्या, त्याच्या त्या रेड डेट्सच्या, सुरकुतल्या साली आणि बिया. शेंगदाणे होते, आपले साधे शेंगदाणे, उकडून मऊ केलेले.

"आई, काय शोधतेस?" कौमुदीने मागच्या दारातून विचारलं.

मी दोन्ही हातांनी उकरत राहिले, मुळांपर्यंत, नखांत माती जाईपर्यंत. एक तरी हाड मिळू दे, देवा, एवढंसं तरी.

नव्हतं.