एका शिंगाचा बैल

सासरे गेल्यावर घर आवरायला नणंद आली. वहिनीचा नवरा दहा वर्षांपूर्वीच वारला होता, त्यामुळे घरच्या अशा आता या दोघीच उरल्या. सासरे दवाखान्यात कंपाउंडर होते. कुणा रोग्याने त्यांना दिलेला मुठीएवढा धातूचा बैल कपाटात होता. नणंद लहानपणी त्याने अक्रोड फोडायची, त्यात एक शिंग गेलं होतं.

"वहिनी, विकून बघूया का हा?"

जुन्या वस्तूंची किंमत ठरवणाऱ्या बाईंनी बैल भिंगाखाली बराच वेळ फिरवला. "काशाचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा. पण इतका लख्ख कुणी केला?"

"मी. दर रविवारी घासते," वहिनी म्हणाली.

"जुनेपणाचा थरच गेला. निम्मी किंमत घासून टाकलीत."

"आणि उरलेली मी अक्रोडांवर," नणंद म्हणाली. वहिनीला हसू आवरेना.

"पुरातन वस्तू म्हणून नोंदणी केल्याचा दाखला आणा," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय विकता येणार नाही."

जिन्यात एका दलालाने त्यांना गाठलं. "दाखल्याच्या भानगडीत कशाला पडता? मी आत्ता रोख देतो."

"आमच्या बाबांनी दवाखान्यातली एक गोळी कधी घरी आणली नाही," नणंद म्हणाली. "बाजूला व्हा."

दोन दिवस दोघींनी ट्रंका उपसल्या. अखेर जुन्या फायलीत दाखला सापडला. मालक म्हणून नाव होतं सुनेचं. मागे पेन्सिलीने सासऱ्यांचं अक्षर: 'मुलगा उधळ्या, मुलगी धसमुसळी. सून जपेल.'

नणंद पोट धरून हसली. वहिनी मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तीस वर्षांत सासऱ्यांनी तिच्याशी 'बरं' याच्यापलीकडे शब्द काढला नव्हता.

"मामंजींनी कधी दाखवलंसुद्धा नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली.

"बाबा तसेच. बैल तुझा, वहिनी. माझा हक्क नाही."

"निम्मे पैसे तुमचे, वन्सं."

"मी नाही घ्यायची."

"मग मी विकतच नाही. घासत बसते."

नणंदेने हात टेकले. वस्तुसंग्रहालयाने रीतसर बैल घेतला, दाखल्यावरचं नाव बदललं. पैसे आल्यावर दोघींनी मोतीबिंदूची ऑपरेशनं एकाच आठवड्यात उरकली. महिनाभर नणंद तिथेच राहिली. दोघी दिवसातून चारदा एकमेकींच्या डोळ्यांत थेंब घालायच्या, आणि वहिनी दर वेळी बजावायची, "हळू हो, धसमुसळ्या वन्सं."