उजवा कौल

देवाला विचारल्याशिवाय पोराला बोटीवर पाठवायचं नाही, असं रुक्मिणीने एकदाच सांगितलं आणि ती भाकऱ्या थापायला बसली. पुन्हा सांगायची तिला सवय नव्हती. सहदेव नेव्हीच्या परीक्षेत पास झाला होता, डॉक्टरांनी त्याला उघडा करून डोळ्यांपासून तळव्यांपर्यंत तपासलं होतं, आणि ओरिसात चिल्क्याला ट्रेनिंगसाठी हजर व्हायचं बोलावणंही हातात पडलं होतं. एवढ्या साहेबलोकांनी होय म्हटल्यावर आता गावच्या रवळनाथाचं होय तेवढं बाकी होतं.

रुक्मिणीला हसण्यात अर्थ नव्हता. तिचा धाकटा भाऊ बाळा मालवणात ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघाला, तेव्हा देवाने डावा कौल दिला होता, म्हणजे डाव्या खांद्यावरची पाकळी पाडून नको म्हटलं होतं. बाळा म्हणाला, पाकळीला काय कळतं दर्यातलं? ट्रॉलर परत आला, जाळी परत आली, बाळा आला नाही. तेव्हापासून तिच्या लेखी समुद्र हा विषय देवाच्या खात्यातला झाला होता.

मुंबईहून गावी जायचं कोणी, हा प्रश्न आला. तिला स्वतःला ज्या घरांत ती पोळ्या लाटायची तिथून सुट्टी मिळेना. नवरा धाकू गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. संपाला दोन वर्षं उलटली होती, त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नव्हती, तरी हा माणूस रोज सकाळी दाढी करून परळला गेटवर जाऊन बसायचा. पूर्वी बोनस घेऊन गणपतीला गावी उतरायचा तो ऐटीत. आता रिकाम्या हाताने गावच्या लोकांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटे. मग राहिला सहदेव. ज्याचा निकाल त्यालाच आणायला धाडला. एवढी व्यवहारी बाई, पण देवाच्या दारात कोणी खोटेपणा करील हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

सहदेव साकीनाक्याला एका शेठच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर बसायचा. पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पॅडल दाबायचं, वरून धाडकन डाय, म्हणजे पोलादी ठसा, पडायची, वॉशर तयार. पुन्हा पट्टी, पुन्हा पॅडल. मशीनच्या तोंडाशी पूर्वी हात आत जाऊ नये म्हणून एक जाळी होती, पण जाळीने माल कमी निघतो म्हणून शेठने ती काढून कोपऱ्यात टाकली होती. शेजारच्या शिवदासच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं आणि त्या दोघांत तो विडी धरायचा. सहदेवला रोज ते दिसे. त्याला नेव्ही हवी होती ती काही देशभक्तीने ऊर भरून आला म्हणून नव्हे. पांढरा युनिफॉर्म, वेळेवर जेवण, आणि दहाही बोटं शाबूत ठेवून म्हातारं व्हायची सोय, एवढ्यासाठी हवी होती. यात त्याचं काय चुकलं, हे मला तरी सांगता येणार नाही.

पलीकडच्या प्रेसवर भीमराज होता, त्याचा दोस्त. त्याच्या घरात देव नव्हते, बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर होती. कौलाचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"साल्या, सरकारने तुझे दात मोजून घेतले, आता दगडाची सही राहिली काय?"

"तुला नाय कळणार यार. आई ऐकणार नाय."

"मग डावा आला तर उजवा सांग. कोण बघायला येतंय तिकडे?"

दोघंही हसले. शेठ ओरडला तसे पुन्हा खाली मान घालून बसले.

गावच्या देवळात धोंडिराम गुरवाने मूर्ती धुतली, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, तुझा लेकरू सरकारी बोटीर जाऊक निघाला आसा. जाण्यात तेचा बरा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी, महाराजा." ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी "व्हय महाराजा" म्हणून साथ दिली. सहदेव हात जोडून उभा होता. पाकळीला काही कळत नाही असं त्याला म्हणायचं होतं, पण डोळे देवाच्या उजव्या खांद्यावरून हलत नव्हते.

डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"पुन्हा विचारा," सहदेव म्हणाला. गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा डावीच पडली. धोंडिरामाने त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "रव घराक, झिला. देव नको म्हणता."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीला डोकं टेकून बसला. देव खरंच असेल तर, हा विचार त्याला सोडीना. बाळामामाचा चेहरा त्याला आठवत नव्हता, फक्त त्याच्या दिवसांत आईने काढलेला आवाज आठवत होता. मग शिवदासची विडी आठवली. नको म्हणणं देवाला सोपं होतं, प्रेसवर देव बसणार नव्हता. असा राग त्याला आला, आणि मुंबई येईपर्यंत त्याने तो राग विझू दिला नाही, कारण त्याच्या खाली नुसती भीती होती.

दारात पाय ठेवायच्या आतच आईने विचारलं, "काय दिल्यान देवान?"

"उजवा," सहदेव म्हणाला.

रुक्मिणी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दोन वर्षांत त्या खोलीत कोणी आनंदाने रडलं नव्हतं. तिने लगेच देवाला नारळांचं तोरण बोललं. शेजारच्या शकूला हाक मारून सांगितलं, खालच्या नळावर सांगितलं, पोळ्यांच्या घरी सांगितलं. खोटं एकदा तोंडातून गेलं की ते आपल्या मालकीचं राहत नाही, हे सहदेवला त्या संध्याकाळी कळलं. आणि तरी रात्री त्याला छान झोप लागली.

खरी वाट लागली ती पुढे, धाकूमुळे. पोराचा पगार आजपर्यंत घर चालवत होता. तो गेल्यावर नेव्हीचे पैसे घरी येऊ लागेपर्यंत मधले महिने कसे काढायचे, हे कोणी बोललं नव्हतं. कौलाची बातमी धाकूनेही ऐकली. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली, पण तो परळला गेला नाही.

"देव माझ्या झिलाक धाडता," तो म्हणाला, "आणि मी गेटार बसान रवतंय? तुझ्या शेठाक सांग, तुझ्या जागेर मी बसतंय. बदली म्हणान."

गिरणीत बापाच्या जागी मुलगा बदली म्हणून लागायचा. इथे उलट झालं, आणि धाकूला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट बऱ्याच दिवसांनी तो ताठ चालला. रुक्मिणीला हा देवाचाच दुसरा प्रसाद वाटला. ज्या माणसाला दोन वर्षं कोणी गेटवरून उठवू शकलं नव्हतं, त्याला रवळनाथाने एका शब्दात उठवलं.

शेठला काय, माणूस मिळाल्याशी मतलब. सहदेवने वडिलांना चार दिवस शेजारी बसून काम शिकवलं. "बाबा, पट्टी अडकली ना, तर हात घालायचा नाय. आधी पॅडलवरचा पाय काढायचा. मग चिमट्याने ओढायची."

"माका शिकवतंस?" धाकू हसला. "चार साचे एकटो चालवलंय मी."

हीच तर भानगड होती. मागावर सूत तुटलं की चांगला साचेवाला विचार करत बसत नाही. डोळ्यांना तुटलेलं दिसायच्या आत त्याची बोटं आत जाऊन धागा सांधून बाहेर आलेली असतात. धाकूच्या हाताची त्यासाठीच गिरणीत तारीफ व्हायची. आता पट्टी जरा तिरकी झाली की तो हात आपसूक पुढे जायचा. सहदेवने मनगट धरून दोनदा तो मागे ओढला. धाकू दर वेळी ओशाळून म्हणायचा, "सवय रे. जाईत हळूहळू."

कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर भीमराजने विषय काढला.

"तुझ्या बापाचं काय खरं नाय. हात बघितलास त्याचा? मशीनच्या आधी पळतो."

"होईल सवय."

"नाय झाली तर? तूच राहा की मग. देवाने काय सांगितलं ते एक तुला ठाऊक. मला विचारू पण नको."

म्हणजे भीमराजला कळलं होतं. सहदेवने चहाचा ग्लास खाली ठेवला. राहतो म्हणायला एक शब्द पुरला असता. त्याने तो शब्द तोंडात आणला, आणि डोळ्यांसमोर पुन्हा ती डाय, पुन्हा ती पट्टी, सगळं आयुष्य वॉशरच्या ढिगात. "पेटी घ्यायचीय," तो म्हणाला, "अंधेरीला जाऊन येतो उद्या."

तो अंधेरीच्या बाजारात पत्र्याच्या पेटीचं कुलूप लावून बघत होता, तेव्हा साकीनाक्याला धाकूच्या मशीनवर पट्टी अडकली.

पेटी खांद्यावर घेऊन तो चाळीपाशी आला तर भीमराज पायरीवर बसलेला. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. "इस्पितळात आहेत," तो म्हणाला. "तीन बोटं. उजव्या हाताची. मी ओरडलो रे, पण पाय पॅडलवरच होता." सहदेव तिथेच उभा राहिला. पेटी खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. भीमराजनेच ती उतरवून घेतली.

शेठने एकदा इस्पितळात येऊन विचारलं, म्हाताऱ्याने हात घातलाच कशाला? दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर दुसरा कोणी बसला होता. जाळी कोपऱ्यातच होती.

धाकूला घरी आणलं. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा, बँडेजचा हात उशीवर उचलून ठेवलेला. गेट नाही, मशीन नाही, कोणावर राग नाही. तो एकदा जरी ओरडला असता तर सहदेवला बरं वाटलं असतं.

निघायचा दिवस जवळ आला. रुक्मिणी त्याच्या पेटीत कपडे भरत होती. सहदेव तिच्या समोर खाली बसला. सांगितल्याशिवाय आता त्याला श्वास घेववत नव्हता.

"आये, मी जात नाय."

"जात नाय म्हणजे?"

"कौल डावा होता. दोनदा विचारला, दोन्ही वेळा डावा आला. मी खोटं सांगितलं तुला."

रुक्मिणीचे हात थांबले. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत त्याला राग दिसला नाही. दिसली ती माया.

"बापाशीची बोटां गेली म्हणान घरी रवाक बघतंस," ती म्हणाली. "कळता माका. पण देवाच्या नावान असा खोटा बोला नको, झिला. तुझ्या मामान कौल मोडल्यान, काय झाला? आपल्याकडना तोरण पोचला नाय अजून, म्हणान ह्या झाला. आता तू पण रवलंस तर देव काय ठेवतलो आपल्याकडे?"

"आये, देवाशपथ सांगतो..."

तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "शपथ घेव नको. तुका जावचाच लागात." मग घडी मोडलेला सदरा तिने पुन्हा घडी करून पेटीत ठेवला आणि हंडा उचलून नळावर गेली.

खोलीत दोघंच राहिले. खाटेवरून, भिंतीकडे तोंड असतानाच, आवाज आला.

"डावो होतो?"

"हो, बाबा."

खालच्या नळाचा आवाज येत राहिला. कुणीतरी भांडत होतं. सहदेव वाट बघत होता, शिवीची, लाथेची, कशाचीही.

"तिका परत सांगू नको," धाकू म्हणाला. "गिरणी गेली, माझो हात गेलो. तिका देव तरी रवांदेत."

"मी राहतो, बाबा. कुठेही लागतो कामाला."

"खंय? त्याच मशीनीर?" धाकूने विचारलं. "आता तुझ्या पगाराशिवाय ह्या घराक काय आसा? जा तू. माझ्यासाठी नाय, माका काय नको तुझा. तिच्यासाठी जा."

सहदेव मान खाली घालून बसला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्याला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. आपण जाणार. आपली बोटं शाबूत राहणार. स्वतःची इतकी शिसारी त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

निघताना रुक्मिणीने त्याच्या हातावर दही घातलं, देवाचा अंगारा कपाळाला लावला आणि त्याच्या पिशवीत एक नारळ कोंबला. तिकडचा समुद्र पहिल्यांदा दिसला की रवळनाथाचं नाव घेऊन पाण्यात सोड, असं तिने बजावलं. तिचा चेहरा शांत होता. देव आपल्या बाजूला आहे अशी खात्री असलेल्या माणसाचा असतो तसा. भीमराज पेटी घेऊन खाली उभा होता, त्याने वर पाहिलं नाही.

सहदेव वडिलांच्या पाया पडायला वाकला. धाकू खाटेवर उठून बसला होता. आशीर्वादासाठी त्याने सवयीने उजवा हात पुढे केला, बँडेज पाहिलं, तो हात मांडीवर परत ठेवला, आणि डावा हात पोराच्या डोक्यावर ठेवला.