कापूस पांघरलेला ग्रह

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. भडगावच्या एका मुलींच्या शाळेत, कपाटाच्या वर माझी जागा आहे. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगणार आहे. ती आजवर कोणालाच ठाऊक नाही.

मी जातीचा पुठ्ठा. दोन अर्धगोल चिकटवून, वर नकाशाच्या छापील पट्ट्या डकवून मला घडवले आणि १९८२ साली मी या शाळेत आलो. तेव्हा माझा काय थाट होता! मुली माझ्यावर गिरणा नदी शोधायच्या. एवढ्याशा गोलावर ती कशी सापडणार? मग भूगोलाचे लोटन सर पेन्सिलीचे टोक टेकवून म्हणायचे, "हे घ्या आपलं भडगाव." त्या जागी इतकी बोटे लागली, की तिथला रंगच उडाला.

पुढे लोटन सर निवृत्त झाले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. तेही मी सोसले. सोसवला नाही तो नवा गोळा.

१९९६ मध्ये विज्ञानाच्या जैनबबाई वर्गात वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन आल्या. आपल्या सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला होता. गुरूसारखा अवाढव्य, पण ताऱ्याच्या इतका जवळ, की सव्वाचार दिवसांत त्याचे वर्ष संपते.

"इतक्या जवळ राहून त्याच्या हवेचं काय होत असेल?" बाईंनी विचारले. मग स्वतःच म्हणाल्या, "शास्त्रज्ञांनाही अजून नक्की माहीत नाही. आपण विचार तर करू."

त्या विचारातून तो जन्मला. त्या ग्रहाचा नमुना म्हणून केलेला प्लास्टरचा पांढरा गोळा. बाईंचे वडील हाशमचाचा पिंजारी होते. त्यांनी त्याच्यासाठी खास कापूस पिंजून दिला. तो कापूस म्हणजे त्याचे वातावरण! मला चौदा वर्षांत कोणी ढगाचा एक पुंजकासुद्धा दिला नव्हता. शिपाई उखर्डूभाऊंनी हात लावून विचारले, "बाई, हाई काय शे? उशी शे का?" सगळा वर्ग हसला. त्या हसण्यातही त्याचे कौतुकच होते. मी वरून पाहत होतो आणि जळत होतो. मी खरीखुरी पृथ्वी, आणि याला तर कोणी डोळ्यांनी पाहिलेलेही नाही!

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनाला तुलनेसाठी म्हणून मलाही नेले. एकाच टोपलीत आम्ही दोघे. पाचोऱ्याच्या पुढे एसटीने जोराचा गचका दिला आणि मी त्याच्या अंगावर कलंडलो. गचका बसचा होता, पण मी त्याची वाटच पाहत होतो. माझ्या लोखंडी कमानीत त्याचा कापूस अडकून फाटला. प्लास्टरचे दोन तुकडे झाले. मला आनंद झाला, मित्रांनो.

प्रदर्शनात टोपली उघडली आणि आठवीतली अनवरी रडायलाच लागली. "बाई, मी मांडीवर घेते म्हणत होते ना!"

"चूक माझी आहे. मीच नीट बांधलं नाही," बाई म्हणाल्या. परीक्षक तीन टेबलांच्या अंतरावर येऊन ठेपले होते. बाईंनी उरलेला कापूस गोळा केला, आणि तो माझ्याभोवती गुंडाळला.

माझे समुद्र झाकले, खंड झाकले. मला टेबलपंख्याच्या अगदी पुढ्यात ठेवले.

"हा पंखा म्हणजे तारा," अनवरी डोळे पुसत सांगू लागली. "ताऱ्यातून प्रकाश येतो, तसे बारीक कणांचे वारेही सुटतात. जवळच्या ग्रहाची वरची हवा फार तापते. हलके वायू निसटतात आणि ते वारे त्यांना ओढून नेतात, असं असू शकतं."

पंखा सुरू झाला. कापूस भरभर उडाला, परीक्षकांच्या चष्म्यावर जाऊन बसला.

"अरे, आत तर आपली पृथ्वी निघाली!" परीक्षक हसले. "मग आपली हवा कशी टिकली?"

अनवरीने कापूस पुन्हा गुंडाळला आणि मला उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेले. पंखा तोच, पण कापूस नुसता थरथरला. "आपण लांब आहोत, सर. शिवाय पृथ्वीच्या चुंबकाचं कवच आहे. ते त्या कणांना बरंच अडवतं."

टाळ्या पडल्या. कित्येक वर्षांनी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. पण जो येई तो त्याचीच चौकशी करी. तो ग्रह किती लांब? त्याचा तारा कोणता? तुकडे होऊनही त्याने मला मागे टाकले होते. परतीच्या बसमध्ये अनवरीने ते तुकडे मांडीवर घेतले. मी टोपलीत एकटा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगितले, "गोळा माझ्या निष्काळजीपणामुळे फुटला." त्या मान खाली घालून उभ्या होत्या. मी समोरच होतो. मला बोलता आले असते, तर मी खरे सांगितले असते का? अजूनही खात्री वाटत नाही.

मित्रांनो, घरात, शाळेत काही नवे आले की जरूर हरखून जा. पण त्या दिवशी कपाटाच्या वरही एकदा पाहा, एखाद्या जुन्या वस्तूवरून फडके फिरवा. आणि तुमच्या हातून कोणाचे काही मोडलेच, तर दुसऱ्याला मान खाली घालू देऊ नका. तुम्हाला तोंड आहे.