डॉक्टरांच्या टेबलावरचं धड

मी डॉक्टरांच्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं धड. हातपाय मला कारखान्यातच दिले नाहीत, पण छातीपोटात सगळं आहे. फुप्फुसं, जठर, यकृत, आतडी. सगळं सुटं निघतं आणि परत बसतं. औषधकंपनीच्या माणसानं मला इथे भेट म्हणून आणलं. तेव्हापासून लोकांचे रोग माझ्या पोटातून काढून दाखवले जातात.

डॉक्टरांचे इंग्रजी शब्द ऐकून लोक नुसत्या माना डोलावतात. ‘क्रॉनिक’ म्हणजे फार दिवस चालणारं दुखणं. त्यांना वाटतं, आता काही खरं नाही. ‘बिनाइन’ गाठ म्हणजे कॅन्सर नसलेली. ते न कळल्यामुळे एक गृहस्थ बाहेर जाऊन भोवळ येऊन पडले. पण अर्थ विचारायला प्रत्येकाची जीभ जड होते.

गणवेश शिवणारी एक बाई मात्र तशी नव्हती. पहिल्याच भेटीत मला निरखून म्हणाली, “ह्याला कोट शिवायचा तर बाह्यांचं कापड वाचेल.” डॉक्टरसुद्धा हसले. तिच्या आतड्यात गाठ होती. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली. प्रत्येक शब्दाला तिचं ‘म्हणजे?’ ठरलेलं. बायॉप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं, हे कळल्यावर तिनं विचारलं, तुकडा उभा कापतात की आडवा?

मग नव्या स्कॅनचा रिपोर्ट आला. नर्स तिला वजन करायला आत घेऊन गेली. डॉक्टरांनी माझं यकृत काढून तिच्या मुलासमोर धरलं. रोग इथवर पसरलाय, म्हणाले. आता बरं करणारा उपचार उरला नाही. दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. साध्या मराठीत सांगितलं.

मुलगा म्हणाला, आईला सांगू नका, ती हाय खाईल. ते अर्धंच खरं होतं. तिला कळलं असतं तर तिनं आधी मुलीला बोलावलं असतं, आणि बहिणीचं तोंड पाहायचं नाही असं त्यानं ठरवलेलं. बहिणीनं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून त्यानं तिला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. बाईनंच हे एकदा या खोलीत सांगितलं होतं. डॉक्टर तेव्हा फोनवर होते. आता एक अवघड काम टळलं म्हणून त्यांना हायसं वाटलं.

बाई परत येऊन बसली.

“मेटास्टॅसिस आहे,” डॉक्टर म्हणाले. “आता पॅलिएटिव्ह ट्रीटमेंट सुरू करू.”

“म्हणजे?”

डॉक्टरांनी मुलाकडे पाहिलं.

“म्हणजे नवीन औषध, आई. केमोसारखा त्रास नाही. केससुद्धा येतील.”

बाईचा चेहरा खुलला. टेबलावर पडलेलं यकृत तिनं उचललं आणि माझ्या पोटात नीट बसवलं. “मग लेकीला आत्ताच नको बोलवायला. ह्या टकलासकट कशाला बघायचं तिनं मला? केस येऊ देत.”

“तेच म्हणतो मी,” मुलगा म्हणाला.

केस आले खरे, बोटाच्या पेरभर. तेवढ्यात ती गेली.

मुलीला शेजाऱ्यांकडून कळलं. ती इथे आली ती क्रियाकर्म उरकल्यावर. आईचा फोन यायचा, तिनं सांगितलं. पॅलिएटिव्ह सुरू आहे म्हणून आई खुशीत असायची. मोठ्या औषधाचं नाव असेल असं समजून हीही खूश व्हायची आणि बोलावण्याची वाट बघत बसायची.

“त्याचा अर्थ काय हो?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. मुलाला सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत.

“हे तिला का नाही सांगितलं?”

“घरच्यांची इच्छा नव्हती.”

“घरची मीही होते,” ती म्हणाली, आणि उठून गेली. डॉक्टरांनी बेल दाबून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी अजून इथेच आहे. रोज सकाळी मला स्पिरिटनं पुसतात. माझी तुम्हाला एकच विनवणी. असा एखादा शब्द कधी तुमच्या एकट्याच्या कानावर पडला, तर ज्याच्या देहाचा तो शब्द आहे त्याला त्याचा अर्थ सांगा. त्याला कुणाला तरी भेटायचं असेल.