उपग्रहाशेजारचा ठिपका

किहीमला वडिलांच्या नारळाच्या वाडीत, घराच्या गच्चीवर आश्लेषाने दुर्बीण बसवली होती. तिचा कॅमेरा नेहमीसारखे फोटो काढत नसे. प्रकाश जिथे बदलेल तेवढंच तो टिपायचा, आणि मेंदूच्या धर्तीवर बनवलेली चिप त्यावरून आकाशात काय हलतंय ते ओळखायची. तिच्या कंपनीचा उपग्रह आकाशात एकाच जागी दिसे; त्याच्यावर नजर ठेवणं हे तिचं काम. समुद्रात गेलेल्या होड्यांचे संदेश त्याच्यावरूनच जात.

त्या दिवशी तिन्हीसांजेला पडद्यावर उपग्रहाच्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटला. चिपने इशारा दिला : जवळ येतोय.

तिने नियंत्रण कक्षाचे प्रमुख सलिल सर यांना फोन लावला.

"रडारवर काहीच नाही," ते म्हणाले. "मागे तुझ्या चिपने वटवाघळाला उपग्रह ठरवलं होतं, आठवतंय?"

तिचे कान तापले. "आठवतंय, सर."

"तारा असेल."

"तारे सरकून जातात. हा गेलेला नाही."

"उपग्रह उगाच बाजूला हलवला तर त्याचं इंधन फुकट जाईल. चिपचं राहू दे, तुला काय दिसतंय ते सांग."

खालून बाबांनी हाक मारली, "आशू, चहा आणू का?"

"नको! बाबा, आधी पडवीतला दिवा बंद करा!"

अंधारात ती पडद्यावरचे ठिपके स्वतः निरखू लागली. एक वटवाघूळ फडफडत गेलं. ठिपक्यांचा फराटा उमटला आणि विरला. तो एक ठिपका मात्र राहिला. पुढे येत राहिला. मग त्याचा वेग मंदावला.

अंतराळात भरकटलेला कचऱ्याचा तुकडा असा स्वतःहून थांबत नाही.

"सर, याला कुणीतरी चालवतंय. उपग्रह हलवा. चुकलं तर जबाबदारी माझी."

सलिल सर कक्षातल्या लोकांना म्हणाले, "हलवा."

उपग्रह सावकाश सरकला. ठिपका बराच वेळ जागीच राहिला आणि नंतर त्याच दिशेला वळला.

"सर, तो मागे येतोय!"

"उपग्रहाचा कॅमेरा वळवलाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "सौरपट्ट्यांचे पंख दिसतायत, दुसरा उपग्रहच आहे. सरकारला कळवतो. आणि आम्ही त्याला पाहिलंय, हे जगजाहीर करतो."

बातमी पसरल्यावर त्याच रात्री तो परका उपग्रह दूर निघून गेला. कुणाचा होता, ते कुणी कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आतच आश्लेषा गच्चीवर दुर्बिणीपाशी जाऊन बसली.