भाऊंची ट्रंक आणि बाईंचा खोडरबर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे आणि सध्या माझा आ वासलेला आहे. तुम्ही म्हणाल, ट्रंकेचं झाकण उघडं राहिलं की तिचा आ वासलेलाच दिसणार, त्यात काय एवढं! पण तसं नाही. माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं, ते आठवलं की अजूनही माझ्या पत्र्याला कापरं भरतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं तुमच्या कानावर घालावं.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या पत्रेकामाच्या दुकानात झाला. ठोकून ठोकून माझ्या कडा दुमडल्या, कोपऱ्यांना पट्ट्या बसवल्या आणि अंगाला हिरवा रंग फासला. माझ्या बहिणी एकेक करून चांगल्या घरी गेल्या. कुणाच्या पोटात लोकरीचे कपडे, कुणाच्या पोटात गाद्या-रजया. मीही तशाच मऊ संसाराची स्वप्नं पाहत होते. तेवढ्यात एक किडकिडीत माणूस दुकानात आला, त्याने माझ्या झाकणावर टकटक केलं आणि सरळ माझ्यावर बसला. मी हबकलेच!

"अहो, ट्रंक आहे ती, खुर्ची नव्हे," दुकानदार ओरडला.

"मला दोन्ही लागतात," तो म्हणाला. "ही द्या. वजन पेलते."

ते होते भाऊ. भाऊ सिनेमे बनवत. नटांनी कुठे उभं राहायचं, कसं चालायचं, काय बोलायचं, कॅमेऱ्याने काय पाहायचं, हे सगळं ते ठरवत. या सगळ्याचं टाईप केलेलं जे जाडजूड बाड असतं, त्याला पटकथा म्हणतात. लोकरीच्या कपड्यांऐवजी माझ्या पोटात पटकथा आल्या. त्यांच्याबरोबर नटांच्या चिठ्ठ्या, फोटो, तारा, रेखाटनं आणि उद्याच्या चित्रीकरणाचे कागदही आले. चित्रीकरण असेल तिथे मीही असायचेच. एकदा मालवाहू गाडीतून खाली आपटले, तेव्हाचा पोचा अजून माझ्या डाव्या कुशीवर आहे. त्याचं मला दुःख नाही, कारण भाऊ दिवसभर माझ्यावरच बसत आणि मांडीवर पटकथा घेऊन समासात पेन्सिलीने लिहीत.

काय ते अक्षर! मुंग्यांची रांग पावसात सापडावी तसं. पेन्सिल बोटभर उरली तरी ती टाकायची नाही आणि लिहायचं ते असं दाबून की टोक मोडलंच पाहिजे. दिवसातून चारदा तरी ते कुणाकडे तरी पेन्सिल मागत.

आता या गोष्टीतली महत्त्वाची व्यक्ती, भाऊंची बायको. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. भाऊही चारचौघांत बाईच म्हणत. बाईंचा स्वच्छतेवर भारी कटाक्ष. वहीत खाडाखोड दिसली की मुलाला अख्खं पान पुन्हा लिहावं लागे. घरात कपबशी उपडी ठेवायची तर तिचा कान कुठल्या बाजूला हवा, हेसुद्धा ठरलेलं होतं.

एका संध्याकाळी भाऊ खोलीचं दार लावून लिहीत बसले होते. बाईंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा दार वाजवलं आणि शेवटी त्यांचा पारा चढला. बाहेरूनच त्या म्हणाल्या, "दार लावून घेतलं म्हणजे घर थांबत नाही, समजलं?" आणि तरातरा निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चित्रीकरणात नटीने आपलं टाईप केलेलं वाक्य म्हटलं, तर भाऊंना ते काही केल्या पसंत पडेना. ते माझ्यावर बसले. छापलेल्या वाक्यावर त्यांनी काट मारली, वर बाईंचं वाक्य लिहिलं आणि समासात बारीक अक्षरांत एक शब्द टाकला : हिचं.

नटीने ते वाक्य म्हटलं मात्र, दिवे धरणाऱ्यांनाही हलायचं सुचेना.

मित्रांनो, ते काही एकदाच झालं नाही. बाई वह्या तपासताना पुटपुटल्या, आजारपणात बडबडल्या, रुसल्या, हसल्या, की त्यातलं काही ना काही पटकथेत यायचं आणि समासात 'हिचं' लिहिलेलं असायचं. भाऊ लपवाछपवी करणारे नव्हते. कागदावर ते प्रामाणिक होते. पण तोंडाने? सिनेमा लागला, लोकांनी डोक्यावर घेतला. बाई पाहून आल्या त्या डोळे पुसतच.

"ते दाराचं वाक्य! बाईमाणसाच्या मनातलं तुम्हाला कसं हो कळतं?"

रागात बोललेलं त्यांना आठवतही नव्हतं. आता तरी हा माणूस सांगेल, म्हणून मी कान टवकारले. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सुचतं असंच."

सुचतं असंच! मी कोपऱ्यातल्या कोपऱ्यात थिजले. एवढा मोठा माणूस आणि घरातल्या घरात कौतुकाचा एक शब्द तोंडातून फुटू नये?

पुढे दिवस पालटले. भाऊंनी आणखी काही सिनेमे केले, मग कामं येईनाशी झाली. माझी रवानगी पलंगाखाली झाली. भाऊ अधूनमधून मला बाहेर ओढत, कागद चाळत आणि परत ढकलत. मग एक दिवस ओढणारे हातच राहिले नाहीत. बाईंनी मला पलंगाखालून काढून भिंतीशी ठेवलं, माझ्यावर चादर घातली आणि चादरीवर इस्त्री ठेवली. वर्षानुवर्षं मला फक्त गरम-गार तेवढं कळत होतं.

अन् एके दिवशी फोन आला. सिनेमावाल्यांचे कागद जपून ठेवणारं एक संग्रहालय होतं. तिथे थंड, कोरड्या खोल्यांत असे कागद राहतात आणि शिकणारी माणसं ते येऊन वाचतात. त्यांना भाऊंचे कागद हवे होते. आठवड्याने माणूस पाठवतो म्हणाले. बाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मीही मनातून सुखावले. चला, आता कुणीतरी समास वाचेल, 'हिचं' वाचेल आणि भाऊंनी जे सांगितलं नाही ते बाईंना कळेल.

बाईंनी माझी कडी काढली. दाराच्या वाक्याची पटकथा वरच होती. त्यांनी ती उघडली आणि त्यांचं नाक वर गेलं.

"शी! काय ही गिचमिड! लोक बघतील तर काय म्हणतील? शिक्षिकेचा नवरा, आणि हे अक्षर!"

त्या उठल्या, दुकानात जाऊन आल्या आणि पिशवीतून एक कोरा करकरीत खोडरबर काढला.

मित्रांनो, माझा विश्वासच बसेना! त्या खिडकीशी बसल्या, पान चटईवर सपाट केलं आणि समास पुसायला लागल्या. वाचावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. टेबलावरचा डाग पुसताना तो कुणी वाचतं का? ते अक्षर भाऊंच्या हयातीतही त्यांना लागत नव्हतं आणि आता तर डोळेही अधू झालेले. टाईप केलेलं तेवढं जागेवर राहिलं, पेन्सिलीचं सगळं गेलं. भाऊंच्या खुणा गेल्या, शंका गेल्या, बाणही गेले. आणि 'हिचं' गेलं. बाई स्वतःच्या हाताने स्वतःला पुसत होत्या आणि वर गुणगुणतही होत्या! मी ओरडत होते, अहो बाई, थांबा, ते तुमचं आहे! पण पत्र्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? उन्हाने बिजागरी एकदा कुरकुरली, तेवढंच. तर त्यांनी तिला तेल घातलं.

रोज दुपारी हेच. सगळी पानं माझ्या उघड्या तोंडावर झटकली जात आणि खोडरबराचा काळपट चुरा माझ्याच पोटात पडे.

ठरल्या दिवशी संग्रहालयातली मुलगी आली. गुणी होती. आधी हात धुऊन कोरडे केले, मगच कागदाला हात लावला. पहिलं पान पाहून हसली. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, मग भराभर पानं उलटली. तिचा चेहरा उतरत गेला.

"बाई, यावर पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं का?"

"होतं ना! चहाचा कप घे आधी. आठवडाभर बसून सगळं लख्ख केलं. तुम्हाला त्रास नको."

ती मटकन जमिनीवर बसली. "पुसलं? सगळं?"

"म्हणजे काय! का गं?"

"बाई, टाईप केलेल्या प्रती खूप जणांकडे आहेत. नटांकडे होत्या, निर्मात्याकडे होत्या. आम्हाला भाऊंची पेन्सिल हवी होती. ते कुठे अडले, कुठे मत बदललं, ते फक्त याच पानांवर होतं."

बाईंच्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. आयुष्यभर बशीत थेंबही न सांडणाऱ्या बाई! मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मीच पुसलं गं त्यांना."

मुलगीही रडवेली झाली. ती कागद गोळा करायला वाकली, तेवढ्यात बाई ताडकन उठल्या. एक पान घेऊन खिडकीशी गेल्या आणि डोळ्यांसमोर तिरकं धरलं.

"काय करताय?"

"आमच्या वर्गातली कार्टी तपासलेल्या वहीतलं चुकीचं उत्तर पुसायची, बरोबर लिहायची आणि वर माझ्याशीच भांडायची, बाई, तुम्ही मार्क कापलेत म्हणून. मी वही अशी उजेडाला तिरकी धरायची. पुसलेलं दिसतंच. शाई-शिसं जातं, पण दाबाची चरी राहते. आणि हे तर किती दाबून लिहायचे! बघ, तुझे डोळे तरणे आहेत."

मुलीने पान धरलं. उजेड आडवा पडला आणि कागदावर बारीक चऱ्या उठल्या. ती अडखळत वाचू लागली. "दार लावून... घेतलं म्हणजे... घर थांबत नाही. आणि समासात, हिचं." तिने वर पाहिलं. "हिचं म्हणजे कुणाचं?"

"नटीचं असेल."

मुलीने दुसरं पान धरलं. "इथेही आहे. हिचं, वह्या तपासताना." मग तिसरं. "हिचं, ताप असताना. माझ्याहून बरं बोलते."

मागे हात नेऊन बाईंनी काही आधार आहे का पाहिलं आणि त्या माझ्यावर बसल्या. भाऊंनंतर माझ्यावर कुणी बसलं नव्हतं.

"कागदाला सांगितलं होय!" त्या एकदम कडाडल्या. "मी इथे दोन हातांवर होते. मला एकदा सांगायला काय झालं होतं या माणसाला?"

आणि मग त्या रडल्या. मुलीने त्यांचा हात धरला, तर रडतारडताच हसून म्हणाल्या, "माझ्याहून बरं बोलते म्हणे. पुन्हा वाच गं."

मित्रांनो, सगळं काही परत आलं नाही. मुलीने आडव्या उजेडात पानापानाचे फोटो काढले, पण बाईंचा हात जिथे जोरात फिरला होता तिथे चरीसुद्धा उरली नव्हती. तिथे भाऊंनी काय लिहिलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मी वाचलं होतं, पण मला सांगता येत नाही. कागद संग्रहालयात गेले. मला गंज आहे म्हणून मला घेतलं नाही. तोही धक्का मी पचवला.

आता मी बाईंच्या खिडकीशी असते. माझ्या तळाशी खोडरबराचा तो काळा चुरा अजून तसाच आहे. झाडू घेऊन आलेल्या मोलकरणीला बाईंनी परत पाठवलं. त्या चुऱ्यात भाऊंच्या पेन्सिलीचं शिसं आहे; ते नजरेसमोर राहावं म्हणून माझं झाकण त्या उघडंच ठेवतात.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या कागदावर हात फिरवण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि घरातल्या माणसाचं काही आवडलं असेल, तर ते समासात लिहून ठेवू नका. दार उघडा आणि बाहेर जाऊन त्याला सांगा.